चैत्रात बामणोलीला निघताना घोंगडी घ्याच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सहलीला काय काय न्यावं याची माहिती आली होती. टोपी, गॉगल, उन्हाचं मलम, सुती कपडे, पाण्याच्या बाटल्या. माहिती चुकीची नाही. पण सोबत फोटो छापला होता तो कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा, आणि त्या पाण्याकाठी, बामणोलीसारख्या गावी, फाल्गुन-चैत्रात मुक्कामाला जाणाऱ्याला एवढ्या सामानावर विसंबून चालत नाही. गेल्या वर्षी आम्ही नेमकं हेच सामान घेऊन गेलो होतो आणि घरातलं एक लेकरू काकडताना बघितलं. म्हणून हे पत्र.

मी साताऱ्यात गोडोलीला राहते, घरीच शिलाईचं काम करते. ब्लाउज-फॉलपेक्षा दप्तरं, सॅक आणि रेनकोट यांची दुरुस्ती जास्त. चेन बदलणं, रनर बसवणं, उसवलेला पट्टा परत मारून देणं. दिवाळीनंतर वासोटा किल्ल्याला जाणारी मुलं आपल्या सॅक घेऊन माझ्याकडेच येतात. तेव्हा सामान कशात भरायचं हे मला कळायला हवं होतं, आणि तरी मी चुकले.

पाडव्यानंतरच्या शनिवारी आम्ही सात जण निघालो. मी, मालक, सासूबाई, धाकटी जाऊ, तिची दोन मुलं आणि माझी ९ वर्षांची भाची. पाण्याकाठचे दोन तंबू फोनवरून ठरवले होते. मी मुद्दाम विचारलं होतं, रात्री पांघरायला काय आणायचं? समोरून उत्तर आलं, "काही आणू नका ताई, उन्हाळाच आहे. सगळी सोय आहे." सासूबाईंनी मात्र त्यांच्या माहेरची, माणदेशातली काळी घोंगडी बोचक्यात बांधली. जाऊ म्हणाली, "आत्याबाई, एवढं ओझं कशाला उन्हाळ्यात?" मीही तिच्याच बाजूनं बोलले.

यवतेश्वराचा घाट चढून कासला पोचलो तर गार वारा लागला. सगळ्यांना बरं वाटलं. इथे लोकांची एक समजूत होते की आपण डोंगरात चाललोय म्हणजे थंडावा तेवढा आहे, अंगात एक जाडसर सदरा असला की भागलं. कास १२०० मीटरच्या आसपास उंच आहे, हे खरं. पण रस्ता कासवरून पुढे पुन्हा उतरतो आणि बामणोलीला पाण्याजवळ येतो, तेव्हा तुम्ही साताऱ्याहून उंच नसता. दुपारी तिथे ऊन चांगलंच भाजतं. धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलेलं असतं, उघडा पडलेला गाळ तापून भेगाळलेला असतो, सावली नाही. आम्ही दुपारी दोन वाजता घामानं निथळत होतो. तिथली थंडी उंचीची नाहीच. ती ओल्या अंगाला वारा लागून येते, आणि ती कधी येईल ते सकाळच्या आभाळाकडे बघून कळत नाही.

साडेतीनला बोटीत बसलो. तापोळ्याकडे कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचं पाणी एकत्र येतं, त्या बाजूला थोडं जाऊन परत यायचं होतं. अर्ध्या वाटेत बोटवाले दादा बोलायचे थांबले. मागे वळून बघितलं तर कासच्या डोंगरामागून आभाळ काळंनिळं होऊन वर आलं होतं. "वळीव उठलाय मावशी, पोरांना खाली बसवा," एवढं बोलून त्यांनी बोट वळवली. आधी वारा आला. शिवसागर सुमारे ५० किलोमीटर लांब पसरलेला आहे. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठायला पाच मिनिटं पुरतात. दादांनी धक्क्यापर्यंत जायचा हट्ट धरला नाही, जवळच्या काठाला लावलं आणि आम्हाला उतरवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मग गारा. आधी हरभऱ्याएवढ्या, नंतर बोराएवढ्या. दुपारचा कडक गाळ बघता बघता चिखल झाला. भाचीची एक चप्पल त्यात रुतली ती तिथेच राहिली. जाऊनं छत्री उघडली, ती वाऱ्यानं उलटी झाली. तंबूपर्यंत पोचेस्तोवर सगळे चिंब. पोरीच्या अंगात सुती फ्रॉक आणि खाली जीन्स. तिचे ओठ निळसर झाले होते, दात वाजत होते, आणि विचारलं तर धड बोलता येत नव्हतं.

मी सॅक उघडली. नवी सॅक, वर ठळक अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलेलं. आतला फ्रॉक पिळावा इतका ओला. तेव्हा मला माझाच राग आला, कारण हे मी रोज हातात धरते. सॅकच्या कापडाला आतून लेप असतो, कापडातून पाणी जात नाही. पण शिवण मारताना सुई प्रत्येक टाक्याला कापडाला भोक पाडते. एका सॅकला अशी हजारो भोकं असतात. आतून त्या शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी तिथूनच आत येतं. चेनच्या दातांमधून तर येतंच. विकत घेताना सॅक उलटी करून आतली शिवण बघावी. दोरा उघडा दिसला तर ती सॅक पावसाची नव्हे, एवढं समजावं. चांगल्या रेनकोटच्या खांद्याच्या शिवणीवर आतून ती पट्टी दिसते.

सासूबाईंचं बोचकं उघडलं तर आत साखरेच्या पोत्यात असते तसली जाड प्लास्टिकची पिशवी, तोंडाला दोन गाठी. त्यात घोंगडी, एक जुनं लुगडं आणि गुळाचा खडा. सगळं कोरडं. त्यांनी आधी पोरीच्या अंगावरचं ओलं सगळं उतरवलं. आतलं बनियनसुद्धा. लुगड्यानं डोकं कोरडं केलं, अंग पुसलं, मग घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. मी ओल्या फ्रॉकवरूनच काहीतरी पांघरायला निघाले होते, तर त्यांनी माझा हात धरला. "वलं काढ आधी," म्हणाल्या. पाव तासानं पोरीनं गूळ मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण तंबूत थांबणं धोक्याचं होतं. विजा कडाडत होत्या आणि आम्ही लोखंडी दांड्यांच्या तंबूत, उघड्या काठावर बसलो होतो. मालकांनी सगळ्यांना वर उभ्या केलेल्या गाडीत नेलं, काचा बंद केल्या. ते बरोबर होतं. पक्कं घर नाहीतर पत्र्याच्या टपाची बंद गाडी, या दोनच जागा त्या वेळी सुरक्षित. झाडाखाली तर मुळीच थांबू नये. रात्री गावातल्या एका घरानं आम्हाला ओटीवर जागा दिली, चूल पेटवून कपडे वाळवायला दिले. तंबूवाल्यांच्या सगळ्या सोयीत सात माणसांत तीन पातळ चादरी निघाल्या.

आता यंदा मी सामान कसं भरते ते सांगते.

प्रत्येक माणसाचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत, वेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत. हवा दाबून काढायची, तोंड पिळायचं, दुमडून गाठ मारायची. हा जोड आसऱ्याला पोचेपर्यंत सोडायचा नाही, कितीही घाम आला तरी. पिशव्या परत घरी आणायच्या, कारण पाण्यापलीकडे कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं, तिथे एक कपटासुद्धा मागे राहता कामा नये.

दिवसा सुती कपडे हवेतच, त्यावर माझं दुमत नाही. पण सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स त्यात सगळ्यात वाईट, जड होते आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. लोकर भिजली तरी काहीशी ऊब धरून राहते. म्हणून मुलांना एकेक लोकरी स्वेटर आणि मोठ्यांमागे एक घोंगडी. म्हसवडकडची हातमागाची घोंगडी खरखरीत असते, टोचते, पण खाली सुती चादर घेतली की मुलंही कुरकुरत नाहीत. ओझं होतं, मान्य. गाडीनं जाणाऱ्याला त्या ओझ्याचं काय?

छत्री घरी ठेवावी. वळवाच्या वाऱ्यात ती टिकत नाही आणि बोटीत शेजारच्याच्या डोळ्याला लागते. गुडघ्याखाली जाणारा रेनकोट घ्यावा. बोटीत तो आधी घालून त्यावरून लाइफ जॅकेट घालावं, जॅकेटवरून रेनकोट नव्हे, आणि सगळी बकलं लावावीत. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट दिलं तर पाण्यात ते वर सरकून डोक्यातून निघतं. खांदे धरून वर ओढून बघावं, हनुवटीच्या वर जात असेल तर दुसरं मागून घ्यावं. पाठीवरची सॅक बसताना उतरवून पायाशी ठेवावी. आम्हा साड्यावाल्या बायकांनी पदर कमरेला घट्ट खोचावा.

पायात मागून पट्टा असलेले सँडल. बॅटरी प्रत्येकाला एक, कारण वळीव आला की वीज जाते आणि काठापासून वरपर्यंत अंधारात गाळातून चालावं लागतं. सुटे पैसे. मीठ-साखर-लिंबू, कारण दुपारच्या उन्हानं पोरं आधीच थकलेली असतात. फोनवर आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आहे, ते जवळपास वीज पडायचा धोका असला तर कळवतं. पण तिकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून मुलांना मोजायला शिकवलंय. वीज चमकली की आकडे मोजायचे, गडगडाट ३० च्या आत ऐकू आला की खेळ बंद, पाण्यातून बाहेर, गाडीत नाहीतर घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. वळीव बहुतेक दुपारनंतरच उठतो, म्हणून बोटीत बसायचं ते सकाळी. दुपारी तीननंतर आम्ही यंदा पाण्यावर जाणार नाही.

तंबूतल्या रात्रीबद्दल एकच सांगते. पाऊस नसला तरी पहाटे दव पडतं आणि आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ कापडाला लागून ठिबकते. बाहेर थंडी म्हणून चेन पूर्ण लावून घेतली की आतली अंथरुणं ओली होतात. वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी.

तंबू लावणाऱ्या मंडळींकडे माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही त्याच मातीतले, वळीव तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतो. बुकिंग घेताना दोन ओळींचा निरोप पाठवा, लोकरीचं पांघरूण आणि कोरडा जोड आणा म्हणून. विजा सुरू झाल्या तर कुठल्या पक्क्या घरात जायचं ते आल्याबरोबर दाखवून ठेवा. गिऱ्हाईक पळून जाईल अशी भीती बाळगू नका. आम्ही पुन्हा येणारच आहोत, आमची पोरं त्या पाण्यावाचून राहत नाहीत. शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनाही हीच विनंती. चाळीस मुलांमागे चाळीस कोरड्या पिशव्या, आणि बोट सकाळी.

आणि संपादक साहेब, आपल्याकडेही एक मागणं. मार्च ते मे हे पावसाआधीचे महिने हवामान खातंही वेगळे धरतं. या दिवसांत सहलीची माहिती छापाल तेव्हा शेजारी घाटाकडच्या भागाचा दोन दिवसांचा अंदाज छापत जा. साताऱ्यात कोरडं ऊन असताना कासच्या पलीकडे गारा पडत असतात.

भाचीनं यंदा स्वतःच्या पिशवीला स्वतः गाठ मारली आहे, घोंगडी तिच्याच अंथरुणावर घडी करून ठेवली आहे. हे पत्र पाडव्याच्या आधी छापलंत तर बरं होईल. त्या सुट्टीची बुकिंगं आत्ताच सुरू झाली आहेत.

आपली,
एक वाचक,
गोडोली, सातारा