नाग-धामण नव्हे, दोन्ही नर धामणीच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की एकमेकांना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दोन सापांचे व्हिडिओ फिरू लागतात. खाली ओळ ठरलेली: 'नाग-धामणीची प्रणयक्रीडा'. यंदा असा व्हिडिओ आमच्याच सोसायटीत, जनरेटरच्या मागे निघाला. निम्मी इमारत खाली जमली. एक काकू हळद-कुंकू घेऊन आल्या, तर चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ कोरं उपरणं. ते सापांवर टाकून मग तिजोरीत ठेवलं की घरात लक्ष्मी नांदते म्हणे. गृहस्थ बँकेत अधिकारी आहेत, हे मुद्दाम नमूद करतो.

त्या जोडीत नागही नव्हता आणि प्रणयही. दोन्ही नर धामणी होत्या. विणीच्या काळात नर अशी कुस्ती खेळतात: अंगाला अंग गुंडाळायचं, पुढचा भाग उंच उचलायचा आणि दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचं. हरलेला निघून जातो. खरं मीलन जमिनीलगत, गाजावाजा न होता उरकतं. नाग आणि धामण यांची जोडी जमत नाही. उलट नाग धामणीला खाऊसुद्धा शकतो.

मी मूळचा ओवळ्याचा. घोडबंदर रस्त्यालगत टॉवर उभे राहिले त्याआधी इथे भातशेती होती आणि बांधावर धामण नेहमीची. वडील तिला काठी लावू देत नसत. घरातलं भात उंदरांपासून तीच राखते, म्हणायचे. पण हीच धामण रात्री म्हशीच्या कासेला लागते, यावरही त्यांचा तेवढाच विश्वास. सापाला दूध ओढता येईल अशी तोंडाची रचनाच नसते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. शेपटीत विष असल्याची गोष्टही तसलीच. धामण पूर्ण बिनविषारी आहे.

तिची ओळख लांबूनही पटते. मोबाइलचा कॅमेरा झूम करा, पण जवळ जाऊ नका. ओठांच्या खवल्यांच्या सांध्यांवर उभ्या काळ्या रेघा असतात, नागाला तशा नसतात. डोळे मोठे, बाहुली गोल, मान डोक्यापेक्षा बारीक. अंग पिवळसर-तपकिरी किंवा काळपट, शेपटीकडच्या भागावर काळे आडवे पट्टे. लांबी सहज दोन मीटर भरते, लोक घाबरतात ते त्यामुळेच. ती दिवसा फिरते, आणि वाट मिळाली तर पळणंच पसंत करते. कोंडीत सापडली की मान फुगवून घुरघुरते. पाहणाऱ्याला वाटतं फणा निघाला, आणि तिथेच तिचा घात होतो. चावली तर रक्त येतं, जखम धुवावी लागते. मात्र साप ओळखण्यात जराही शंका असेल तर सरळ रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या बाबतीत अंदाज परवडत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण आहे, मारणं गुन्हा आहे. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आम्ही आता वॉचमनच्या केबिनवर लिहून ठेवली आहे. राहता राहिला कचरा. कबुतरांना घातलेले दाणे आणि उघड्या पिशव्या यांवर उंदीर पोसले जातात, आणि धामण येते ती उंदरांमागे. हे बैठकीत काढलं की सगळ्यांना घाईची कामं आठवतात.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी असा फोटो आला तर ओळीत 'दोन नर धामणींची झुंज' असं छापावं.

आपला,
एक वाचक, ओवळा, ठाणे