धुऱ्यावरच्या वळणाची अचूकता कोण मोजणार?

महोदय,

चालकाने स्टिअरिंगला हात न लावता सोयाबीन पेरल्याच्या बातम्या आणि चित्रफिती अलीकडे बऱ्याच पाहायला मिळतात. त्यांत सरळ तासच (पेरणीच्या ओळीच) दिसतात. ट्रॅक्टर धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाजवळ, पोचला की चित्रफीत संपते, आणि घोटाळा होतो तो त्यानंतरच्या दहा मीटरांत.

अशा स्वयंचलित स्टिअरिंग संचाच्या माहितीपत्रकातला अडीच सेंटिमीटर अचूकतेचा आकडा खोटा नसतो, पण तो सरळ चालीचा असतो. उपग्रहाधारित स्टिअरिंगच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 12188-2 (2012), आपल्या नावातच 'सरळ व सपाट चाल' असे सांगते. तास अर्धा किलोमीटर लांब असेल तर हे खपून जाते. आपल्याकडे एक हेक्टरचे चौरस वावर म्हणजे 100 मीटरचा तास. 45 सेंमी अंतराने चार ओळी पेरणारे यंत्र 1.8 मीटरचा पट्टा घेते. म्हणजे साधारण 55 फेऱ्या आणि 54 वळणे. दर वळणानंतर ओळीवर स्थिरावायला 10 मीटर गेले, तर पेरणीचा दहावा हिस्सा त्या अडीच सेंटिमीटरच्या बाहेर पडला.

बहुतेकांना वळताच शेजारचा पट्टा धरायचा असतो. ट्रॅक्टरची वळणत्रिज्या 3.5 मीटर धरली, तर 1.8 मीटरवरचा पट्टा साध्या अर्धवर्तुळात सापडत नाही. आधी उलट बाजूला झोल घेऊन फुग्यासारखे वळावे लागते आणि त्याला नुसत्या ट्रॅक्टरच्या मध्यरेषेसाठी सुमारे 9 मीटर खोल जागा लागते. पट्टे सोडून वळले तर 3.5 मीटर पुरतात. वर यंत्राची अर्धी रुंदी आणि थोडी मोकळीक. त्यासाठी दहा-दहा पट्ट्यांचा गट करून 1, 6, 2, 7, 3, 8, 4, 9, 5, 10 या क्रमाने चालावे. एका धुऱ्यावर दर वेळी पाच पट्टे पुढे (9 मीटर), दुसऱ्या धुऱ्यावर चार पट्टे मागे (7.2 मीटर). दोन्ही अंतरे वळणाच्या व्यासापेक्षा मोठी, त्यामुळे रिव्हर्सची गरज पडत नाही. माणसाला हा हिशेब डोक्यात ठेवणे कठीण, यंत्राला नाही. धुऱ्यालगतचे आडवे तास शेवटी पेरावेत.

वळणत्रिज्येचा आकडा कुठून घ्यायचा? मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या ट्रॅक्टर चाचणी अहवालात तो ब्रेकसह आणि ब्रेकविना असा दोन्ही प्रकारे असतो. ब्रेकविना असलेलाच घ्या. एका चाकाचा ब्रेक दाबून वळायची आपल्याकडची सवय स्वयंचलित यंत्रणेला कळत नाही. तिचा हिशेब फक्त पुढच्या चाकांच्या कोनावर चालतो. यंत्र उचलल्यावर पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या काळ्या मातीत वळण्याऐवजी घसरतात. पुढे वजने लावल्याशिवाय सॉफ्टवेअर कितीही सुधारले तरी हे सुटणार नाही.

वळणानंतर ओळ चुकण्याचे दुसरे कारण वेळेचे. चाके पूर्ण वळलेल्या स्थितीतून सरळ यायला दीड सेकंद लागला, तर ताशी 5 किमी वेगाने ट्रॅक्टर तेवढ्यात 2 मीटर पुढे जातो. म्हणून वळणात वेग 3 किमीवर आणावा आणि मार्ग आखताना सरळ रेषा व वर्तुळ यांच्यामध्ये हळूहळू वाकणारा तुकडा ठेवावा. मात्र वेग 1 किमीच्या खाली नेऊ नये. एकाच अँटेनाच्या संचाला दिशा कळते ती हालचालीवरून. फार हळू चालताना ती भरकटते आणि रिव्हर्समध्ये उलटीही होऊ शकते. दोन अँटेनांचा संच इथेच आपली किंमत वसूल करतो.

फण खाली सोडायची घाई तर सर्रास दिसते. मागच्या धुरीपासून (ॲक्सलपासून) फण 2 मीटर मागे असतील आणि ट्रॅक्टर फक्त 2 अंश तिरपा असेल, तरी ओळ 7 सेंमी सरकते. पडद्यावर ओळीपासूनचा फरक 3 सेंमीच्या आत आणि दिशेचा फरक 1 अंशाच्या आत आल्यावरच यंत्र टेकवावे. यंत्र ट्रॅक्टरला जोडणाऱ्या लिंकेजच्या साखळ्या ढिल्या असतील तर या आकड्यांनाही अर्थ नाही.

आता मोजमाप. अँटेना मध्यरेषेपासून 2 सेंमी बाजूला बसली आणि ते यंत्रणेत भरले नाही, तर जाताना ओळ एका बाजूला सरकते, येताना दुसऱ्या. दोन फेऱ्यांमधले अंतर 45 ऐवजी एकदा 41, एकदा 49. मग डवरणीला डवऱ्याची पास (पाते) रोपांवरूनच फिरते. वर दिलेल्या क्रमात ही चूक लपते, कारण 1 ते 5 हे पट्टे एकाच दिशेने पेरले जातात. ती उघडी पडते ती 5 आणि 6 च्या सांध्यावर. पेरणीआधीच एकच ओळ दोन्ही दिशांनी चालून यंत्राच्या मध्याच्या खुणांमधले अंतर मोजा. त्याचे निम्मे म्हणजे भरायची दुरुस्ती. अँटेना 2.7 मीटर उंचीवर असताना ट्रॅक्टर 3 अंश कलला की स्थान 14 सेंमी चुकते. म्हणून कलमापकाचे शून्य सपाट, टणक जागीच घ्यावे. चाकांचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचेही तसेच. पुढची चाके वळवणाऱ्या टायरॉडच्या सांध्यांतला खुळखुळा आधी काढावा, मग कॅलिब्रेशन.

धुऱ्यावर कडुनिंब, आंबा असतोच. त्याखाली उपग्रहाचे संकेत अडून 'फिक्स' (पक्के स्थान) जाऊन 'फ्लोट' (अंदाजी स्थान) आला की चूक सेंटिमीटरांतून डेसिमीटरांत जाते. तिथे पेरणी थांबवावी, पुढे दामटू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांचे (उपग्रहाच्या स्थानातली चूक दुरुस्त करणाऱ्या कायम संदर्भ केंद्रांचे) जाळे महाराष्ट्रात आहे, पण दुरुस्तीचे संदेश मोबाइल इंटरनेटवरून येतात. रेंज गेली की तीच गत. स्वतःचा बेस (शेतातले संदर्भ केंद्र) वापरणाऱ्यांनी तिपाई रोज त्याच खुंटीवर, त्याच नोंदलेल्या स्थानांकावर लावावी, नाहीतर कालच्या ओळी आज सरकलेल्या दिसतील.

अवजार बँकांना अनुदानातून हे संच द्यायचे असतील, तर कृषी विभागाने विक्रेत्याकडून एक आकडा लेखी घ्यावा: वळल्यानंतर किती मीटरांत यंत्र 3 सेंमीच्या आत येते. चाचणी 100 मीटरच्या तासावर, यंत्र जोडून, खरिपातल्या मऊ जमिनीवर, दोन्ही धुऱ्यांवर किमान दहा वळणे घेऊन व्हावी. सरासरीबरोबर सर्वांत वाईट वळणही छापावे.

आपले,
कृषी यंत्रसामग्री क्षेत्रातील दोन अभियंते, वाशीम