नाल्याची हकीकत आणि तुझ्याकडे एक काम

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नाला साफ करायचं हे काय नवं खूळ काढलं, असं तू परवा फोनवर विचारलंस. उत्तर लांबलचक आहे आणि शेवटी तुझ्याकडे एक मागणंही आहे, म्हणून पत्रच लिहायला बसलो.

तू गाव सोडलंस तेव्हा तालुक्याचं गाव कुठं आणि आपण कुठं! आता नाल्याच्या पलीकडच्या थडीला घरांच्या प्लॉटचे ले-आउट पडलेत. त्यांचं सांडपाणी नाल्यात, इकडून आपला कचरा नाल्यात. दर २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, आपल्याकडे खराटे निघतात, फोटो होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या वावरात. यंदा मात्र पोरं चिकटून राहिली. रविवारी सकाळी उन्हं तापायच्या आत नाल्यात उतरतात. बचत गटाच्या बाया येतात, भजनी मंडळातले म्हातारेही येतात. त्यांचा अर्धा वेळ काम कसं करावं हे सांगण्यात जातो, पण येतात. पहिल्या दिवशी पारावरून आवाज आलाच, "काऊन बे, नाल्यात पैसे गावले का तुमाले?" तोच माणूस आता चहा पाठवतो.

सगळ्यात जास्त घाम काढला तो बेशरम नावाच्या झुडपानं. नाव कोणी ठेवलं असेल त्याला दंडवत! विळ्यानं कापली की पोरं खूश, आणि कापलेल्या कांड्या चिखलात पडल्या की तिथंच मुळं धरतात. ढोरं तोंड लावत नाहीत, विषारीच आहे ती. शेवटी सब्बल घेऊन मुळासकट उपटायची आणि वर कोरड्या जागेवर वाळत घालायची, हा एकच उपाय निघाला. ती निघाल्यावर खालचा डोह मोकळा झाला. उन्हाळ्यातही तिथं गुडघाभर पाणी आहे, आणि खंड्या रोज येऊन बसतो.

पण माझी झोप उडवली ती फवारणीच्या रिकाम्या डब्यांनी. बेशरमच्या बुडाशी चुंगड्या भरून निघाले. काहींवर लाल त्रिकोण अजून स्पष्ट दिसत होता. तो म्हणजे सर्वात जहाल औषध, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, ते आपण कसं विसरणार? आणि तरी आपण तेच डबे, जिथं पोळ्याच्या आधी बैल धुतो, त्याच पाण्यात फेकतो. पुढं हे पाणी वर्धेला जातं, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला. म्हणजे आपली घाण किती मुलूख फिरते बघ.

लोकांना दोष देऊन भागत नाही, हे मला नाल्यातच कळलं. औषध कालवायला पाणी लागतं आणि पाणी नाल्यात आहे, म्हणून माणूस पंप घेऊन तिथं उतरतो. तिथंच कालवतो, तिथंच पंप धुतो, डबा तिथंच टाकतो. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, म्हणजे औषधही वाया जात नाही, हे आता पोरं घरोघरी सांगतात. मग डब्याला भोक पाडायचं, कोणी घरी तेल-पाणी भरायला नेऊ नये म्हणून. ऐकतात लोक. पण नाल्यात उतरणं थांबायचं तर पाणी दुसरीकडं मिळायला हवं.

मध्यंतरी ले-आउटवाल्यानं नाल्याच्या वळणात मुरूम टाकायला सुरुवात केली. टिप्परवर टिप्पर. म्हणे, नाला सरळ करून देतो, गावाचाच फायदा. वळणं गेली की पुराचं पाणी सुसाट येऊन खालची थडी कापणार, हे त्याला कोण सांगणार! पोरांनी भांडण नाही केलं. गाव नकाशाची नक्कल काढली, त्यात नाल्याचं वळण जसंच्या तसं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नाल्याचं पात्र सरकारचं, कोणाच्या प्लॉटचं नाही. ग्रामसभेत ठराव घेतला, अर्ज दिला, पंचनामा झाला. अर्धा मुरूम निघाला, अर्धा अजून तिथंच आहे. पावसाळ्याआधी उरलेला निघेल असं मला तरी वाटत नाही, पण नवीन टिप्पर आलेला नाही.

आता तुझं काम. तुझं वावर नाल्याला लागून आहे, पण विहीर वरच्या अंगाला, नाल्यापासून चांगली लांब. विहिरीपासूनही हटून, रस्त्याच्या धुऱ्यावर एक टाकी बसवू द्यावी, असं पोरांचं म्हणणं आहे. पाणी तुझ्या विहिरीचं, मोटारीचं बिल वर्गणीतून. फवारणीवाले तिथंच कालवतील, तिथंच विसळतील. दुसरं, थडीच्या कडेनं तुझ्या हद्दीत कहू, म्हणजे अर्जुन, आणि करंजाची रोपं लावायची आहेत. मुळं माती धरून ठेवतील. रोपांसाठी पिकाच्या एका ओळीएवढी जागा सोडावी लागेल, तेवढी पराटी, म्हणजे कपाशी, कमी.

तुझे काका आधी "विचार करू" म्हणाले, मग म्हणाले, त्याला विचारा. बटईदाराला मी बोललो आहे, त्याची ना नाही. जून लागायच्या आत काकांना फोन करून हो किंवा नाही सांगून टाक. नाही म्हणालास तरी राग नाही, मग शाळेमागची जागा बघावी लागेल, ती नाल्याला फार जवळ आहे एवढंच.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. येशील तेव्हा जाड रबरी हातमोजे घेऊन ये, इथले दोन रविवारात फाटतात.

तुझाच,
गावाकडचा मित्र