'तसलाच, फक्त...' हे ईआरपीला कधी कळणार?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

छोट्या कारखान्यांनी ईआरपी (माल, खरेदी, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं म्हणून सगळेच मागे लागलेत, पण ते पॅकेज आतून मालाकडे कसं बघतं हे कुणी विचारत नाही म्हणून लिहितोय. मी कोल्हापूरकडच्या फौंड्र्यांमधे, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांमधे, हेच बसवायचं काम करतो. बहुतेक पॅकेजं क्लासवर चालतात, आधी वर्ग ठरवा, रकाने ठरवा, मग त्यात आयटम कोंबा. नॉर्वेतल्या सिम्युला ६७ या प्रोग्रामिंग भाषेपासून चालत आलेली रीत, हिशोबाला चोखच आहे. पण इथल्या शिरोलीच्या कारखान्यांत शॉपफ्लोअरवर असं कोण बोलतं हो? पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना करणारा) म्हणतो, "मागच्या हाउसिंगसारखाच, फक्त फ्लँज जाड आणि दोन बॉस जास्त." (हाउसिंग म्हणजे यंत्राचं कवच, फ्लँज त्याची कड, बॉस म्हणजे उंचवटा.) सगळं काम त्या 'फक्त'वर चालतंय.

कॉम्प्युटरला हे जमत नाही असंही नाही. डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनी १९८० च्या दशकातच सेल्फ नावाची भाषा केली, तिच्यात क्लासच नाहीत, नमुना धरायचा, वेगळं तेवढं सांगायचं, बाकी नमुन्याकडून आपोआप येतं. वेबसाइटांची जावास्क्रिप्ट भाषाही मुळात तसलीच, क्लास हा शब्द तिच्यात २०१५ ला आला.

विक्रेते म्हणतात आमच्यात कॉपीचं बटण आहे की! अहो, पण कॉपी मारली की नातं तुटलं. मूळ हाउसिंगचा रायझर (भाग थंड होऊन आकसताना धातू पुरवणारा साच्यातला जादा साठा) बदलला तरी कॉप्या जुन्याच रायझरवर, आणि रिजेक्शन आलं की मोल्डरच्या नावानं शिमगा.

उलटी गंमत पण बघितली. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरच्या सेंटर हाउसिंगचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तर एका ठिकाणी रेट कॉपी होत होत प्रत्येक आयटमवर जाऊन बसलेला, अकाउंटवाले एकेक आयटम उघडत बसले. तो ग्रुपवर, म्हणजे वर्गावर, असता तर एका जागी बदलून मोकळे झाले असते.

म्हणून दोन्ही पाहिजे. कर, खातं, मेटलचा ग्रेड, टेस्टिंग हे वर्गाकडून, आणि कोअर (आतली पोकळी ठेवणारा साच्यातला भाग), रायझर, मशीनिंग हे नमुन्याकडून. फक्त ओतून झालेल्या लॉटचं रेकॉर्ड गोठवायचं, नाहीतर आज नमुना बदलला की गेल्या वर्षीचा इतिहासच बदलायचा.

कारखानदारांनी डेमोला रंगीत डॅशबोर्ड बघत बसू नये. मूळ आयटमचा रायझर बदलायला लावा, आणि त्यावरून केलेला आयटम लगेच उघडून दाखवा म्हणावं.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर