निवारा निधी : संकलनाला निघण्याआधी

सर्व सभासदांस सूचना,

बेघर व्यक्तींसाठी वस्तू गोळा करण्याआधी निवारा केंद्राकडून गरजांची लेखी यादी घ्यावी. यादी नसली की जुन्या कपड्यांचा ढीग येतो आणि तो निवडण्यातच कार्यकर्त्यांचा दिवस जातो. बहुधा कमी पडतात ते नवे मोजे, मापानुसार अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी पॅड. नेमकं तेच कुणी देत नाही.

आवाहनाचा मजकूर जपून लिहा. ‘फक्त ब्लँकेटसाठी’ असं छापलं, तर ती रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही. ‘ब्लँकेट, थकीत भाडं, अनामत व तातडीची गरज’ असं लिहावं. घर सुटण्याआधी थकबाकी भरणं पुढच्या निवाऱ्याच्या खर्चापेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं. मात्र भाडेकरार आणि थकबाकी तपासून रक्कम थेट घरमालकाच्या खात्यात भरावी.

दानपेट्या सीलबंद व क्रमांकित हव्यात. उघडताना दोघे हजर, मोजणी तिथेच, दोघांच्या सह्या. पेटीतल्या रोकडीतून रिक्षाभाडंसुद्धा देऊ नये. हिशेब इथेच फसतो.

भागीदार संस्थेशी एक पानी करार पुरे : पैसे कोणाच्या खात्यात, लाभार्थी कोण ठरवणार, हिशेब कधी, उरलेल्या रकमेचं काय. प्रायोजक फोटो मागतील. चेहरे देऊ नयेत. रात्रीच्या आसऱ्यासाठी रांगेत उभा असलेला माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही, तेव्हा तिथे घेतलेली संमती कसली?

पावतीपुस्तकं, कोरी आणि रद्द पावत्यांसकट, संकलन संपताच खजिनदारांकडे जमा करावीत.