त्या डोंगरात काय ठेवलंय

पुणे, रविवार दुपार

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी पाणी मागू नका. या पत्रात वाईट बातमी नाही.

आईला हे माहीत आहे, तरी लिहिते. धोमला, भोगावला टपाल वाटताना ज्यांना वाचता यायचं नाही त्यांची पत्रं तुम्हीच वाचून दाखवायचात. आधी मनात वाचून घ्यायचात, आणि काही बरंवाईट असलं की "वहिनी, जरा तांब्याभर पाणी द्या" म्हणायचात. बाई आत गेली की तेवढ्यात शब्द जुळवायचे. पुढे पुढे गावाला ही खूण कळली. तुम्ही पाणी मागितलं की बाया दारातच मटकन बसायच्या, आणि मे महिन्याच्या उन्हात घसा कोरडा पडला तरी तुम्हाला पाणी मागायची चोरी झाली. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

हे फोनवर बोलता आलं नसतं. फोनवर आपण जेवण, गोळ्या आणि पाऊस यापलीकडे जात नाही. दिवाळीत चार दिवस घरी होते, तेव्हाही जमलं नाही. आई, तू शेव पाडता पाडता विचारलंस, "त्या डोंगरात असं काय ठेवलंय गं?" मी "काही नाही" म्हणाले आणि सोऱ्या हातात घेतला. काही नाही कसं? पण कढई तापलेली असताना सांगण्यासारखं ते नव्हतं.

आधी कबुली. सप्टेंबरात मुंबईला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आहे असं मी सांगितलं, ते खोटं होतं. चाळिशीची बाई, बँकेत लोकांच्या कर्जाच्या कागदांवर सह्या करते, आणि घरी थाप मारून फिरायला जाते. लाज वाटते. पण खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं तेही मला पाठ आहे. आई, तू फक्त "एकटीच?" म्हणाली असतीस. बाबा, तुम्ही काहीच बोलला नसतात आणि संध्याकाळी दादाला फोन करून "तिला त्या प्लॉटचं काही सांग" म्हणाला असतात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं कधी सांगितलं नाही. बाबांच्या छातीत कळ आली, दादानं रातोरात साताऱ्याला नेलं, स्टेंट बसला, तेव्हा मी हिमाचलमधल्या स्पितीत ताबो नावाच्या गावात होते. पुढे रस्त्यावर दरड आलेली, फोनला रेंज नाही. दीड दिवसानं रेंज आली आणि फोन नुसता वाजतच राहिला. आईचे चौदा मिसकॉल, दादाचे सहा. दादानं फोन उचलून पहिलं वाक्य म्हटलं, "आता बरे आहेत, पण तू आहेस कुठे?" त्या "पण"वर मी अजून अडकून आहे.

ताबोहून वाईला पोचायला मला पावणेतीन दिवस लागले. हिमाचलच्या एसटीनं रेकाँग पिओ, तिथून रात्रीच्या बसनं सिमला, मग चंदीगड, विमानानं पुणे, आणि स्वारगेटहून वाई. सफरचंदांचा हंगाम होता. किन्नौरच्या त्या अरुंद रस्त्यावर पेट्यांनी भरलेले ट्रक समोरून येत होते आणि दर वळणावर आमची बस मागे घ्यावी लागत होती. माझ्या शेजारी हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी घातलेली एक म्हातारी होती. मी रडतेय हे तिला दिसलं. तिनं नाव, गाव, काही विचारलं नाही. फक्त "माँ या बाप?" म्हणाली. "बाप." तिनं मान हलवली, ओच्यातून एक सफरचंद काढून पदराला पुसलं आणि मी खाईपर्यंत माझ्याकडे बघत बसली, आई, अगदी तू बघतेस तशी.

त्या बसमध्ये मी ठरवलं होतं की बास, आता कुठे जायचं नाही. ढोल्या गणपतीला नारळही बोलले. नारळ फोडून आले, पण निश्चय टिकला बरोबर पाच आठवडे. सहाव्या आठवड्यात मी परत गाड्यांची वेळापत्रकं काढून बसले. हे लपवून काय करू? तुमच्या आजारपणानं माझी फिरायची खोड गेली असं लिहिलं तर ती दुसरी थाप होईल.

तर, त्या डोंगरात काय ठेवलंय.

ताबोचा मठ आहे तो दगडाचा नाही, मातीचा. लांबून बघितलं तर ओळीनं मोठाली ढेकळं मांडल्यासारखा दिसतो. तू म्हणाली असतीस, "एवढं लांब येऊन हे?" बांधला ९९६ साली. म्हणजे आपली ज्ञानेश्वरी सांगून व्हायच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी. आत मिट्ट काळोख, फोटो काढायला बंदी. डोळे सरावले की हळूहळू भिंतीवरची चित्रं दिसायला लागतात, आणि मग एकदम लक्षात येतं की भिंतीतून मातीच्या मूर्ती पुढे आल्यात आणि त्या केव्हाच्या आपल्याकडे बघतायत. हजार वर्षं ही माती उभी आहे, कारण तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही. आता थोडा जास्त पडायला लागलाय, तर छपरांची काळजी करावी लागते.

मी उतरले होते त्या घराचं छपरही मातीचंच, सपाट. कडेनं सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या. घरची बाई माती कालवत होती, मीही हात घातला. तिला वाटलं शहरातली बाई, दोन फोटो काढून उठेल. आई, आजीच्या हाताखाली तू मला अंगण सारवायला शिकवलंस ते हात विसरले नव्हते. मनगट कसं फिरवायचं ते तिनं बघितलं आणि ती हसायलाच लागली. मग दुपारी तिच्या शेतात मटाराच्या शेंगा तोडल्या. (आता तू म्हणशील, घरी दोन भांडी घासायची तर कंबर धरते. खरं आहे.)

मला त्या गावाचं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पाणी कुठून आणायचं, "ज्युले" (तिथला नमस्कार) म्हणताना हात जोडायचे की नाही, कुत्रा कुणाचा, रात्री दाराला कडी घालतात का. सगळं विचारावं लागत होतं. वाईत मी पोस्टमनची मुलगी. गंगापुरीतून मंडईपर्यंत गेले तर पाच जण विचारतात, "कधी आलीस, लग्नाचं काय, बाबा कसे आहेत?" आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, कारण ते त्यांना माहीत असतं. पुण्यात मी मॅडम. तिथेही मला सगळं येतं असं धरून चालतात. ज्या गावात मला काहीच येत नाही, तिथे मला बरं वाटतं. लहान मूल झाल्यासारखं नाही, तसलं काही गोड नाही ते. उलट जरा भीतीच असते पोटात. पण त्या भीतीत मी जेवढी जागी असते तेवढी एरवी कधी नसते. एवढंच ठेवलंय त्या डोंगरात. फिरून आल्यावर मी काही शहाणी झालेली नसते. देशाटनानं चातुर्य येतं असं शाळेच्या निबंधात मी लिहिलं होतं आणि दहापैकी आठ मिळवले होते. आलं नाही.

खर्च विचारणार आहात, म्हणून सांगते. सगळे मिळून एकतीस हजार. विमान मी धरलं नव्हतं, ते वाढलं. प्लॉटचा हप्ता चुकवलेला नाही.

बाबा, मी एकदा तुम्हाला कोकणात चला म्हणून फार मागे लागले होते, तेव्हा तुम्ही वैतागून म्हणालात, "मी आयुष्यभर फिरलोच की. आता बसू दे." तेव्हा मला राग आला. रोज मेणवली-भोगाव-धोम, तीच सायकल, तोच रस्ता, ह्याला काय फिरणं म्हणतात? आता वाटतं की छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारापर्यंत जाणाऱ्या माणसानं स्वतःच्या ओट्यावर बसणं ही त्याची कमाई आहे. मी ती घालवायला निघाले होते. आता कोकणाचा विषय काढणार नाही.

आणि आई, ती निळी रेक्झिनची बॅग. १९९८ मध्ये काशीला जायला भरलेली. मैत्रिणींबरोबर तिकीट झालं होतं, आणि आठ दिवस आधी आजीला अर्धांगवायू झाला. पुढे अकरा वर्षं आजी पलंगावर, आणि तू तिच्या उशाशी. काशीस जावे, नित्य वदावे म्हणतात, तू तर वदणंही सोडलंस. आजी गेल्यावर आम्ही म्हणालो, आता जा. तू म्हणालीस, "आता इच्छा नाही राहिली." मला ते खरं वाटलं नव्हतं, आता वाटतं. वेळेवर जेवण मिळालं नाही की भूक मरते तसं. त्या बॅगेत तू आता गोधड्या ठेवतेस. तुझ्या वाट्याचं मी फिरते असं मात्र मी म्हणणार नाही. लोक असं बोलतात, ऐकायला छान वाटतं, पण मी फिरते ते माझ्या हौसेनं. तुझी काशी तुझीच राहिली.

पण एक सांगू? चपलेवर चपल पडली की प्रवास घडतो म्हणून तू मी घरात आले रे आले की माझ्या चपला सरळ करतेस. मला ते वर्षानुवर्षं दिसतंय. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा हसू आलं होतं. या दिवाळीत आलं नाही. तू ओट्याला हात टेकून, गुडघा सांभाळत वाकलीस आणि माझी डावी चपल उजवीवरून काढून बाजूला ठेवलीस.

आता हिक्कीमच्या कार्डाचं. बाबा, तुमच्याच नावानं टाकलेलं ते. स्पितीतल्याच काझाच्या वर हिक्कीम नावाचं लहानसं गाव आहे, उंची सुमारे ४,४०० मीटर, आपल्या महाबळेश्वराच्या तिपटीहून जास्त. चार पावलं चढले की मी दम खात होते. तिथे १९८३ पासून पोस्ट ऑफिस आहे. पोस्ट म्हणजे साधं मातीचं घर, बाहेर लाल पेटी. तिथलं टपाल पायी खाली काझाला येतं, मग बसनं पिओकडे, आणि पुढे सिमल्याच्या वाटेला लागतं. मला वाटलं, हे बाबांना बघायला आवडलं असतं. मग वाटलं, नसतं आवडलं. तुम्हाला त्याचा शिक्का आवडला असता. म्हणून कार्ड लिहिलं: बाबा, मी खोटं बोलले, मी मुंबईत नाही, हे कुठलं ते पिनवरून ओळखा. दुसऱ्या दिवशी मी ताबोला उतरले, आणि त्याच रात्री इकडे ते सगळं झालं.

कार्ड एकोणीस दिवसांनी वाईला पोचलं. दिवाळीत तुम्ही ते भिंगाखाली धरून बसला होतात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "शिक्का स्वच्छ बसलाय." आणि कार्ड कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलंत.

लहानपणी रात्री जेवताना तुम्ही पिनकोडचे पहिले दोन आकडे सांगायचात आणि मी राज्य सांगायचं. ६७? केरळ. ७५? ओडिशा. १७? हिमाचल. चुकलं तर माझा पापड तुमच्या ताटात. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, शिवाय संस्कृत कवी, हे आपल्याकडे आलेल्या एकाही पाहुण्याला ऐकल्याशिवाय चहा मिळाला नाही. फौजेतल्या पोरांच्या पत्रांवर "५६ एपीओ" असा लष्करी टपालाचा पत्ता असायचा आणि ते एक भलंमोठं शहर आहे, निम्मा सातारा जिल्हा तिथे राहतो, असं मी चौथीपर्यंत समजत होते. मोठी झाल्यावर तिथेच जायचं असंही ठरवलं होतं. माझ्या पायाला भिंगरी लागली त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाहीये. दादाही त्याच ताटाशेजारी जेवत होता, आणि तो साताऱ्याच्या पुढे गेला तरी वहिनीला तासातासाला फोन करतो.

यापुढे थाप नाही. जाण्याआधी सांगेन, उतरणार त्या घराचा नंबर दादाकडे देईन, आणि रेंज नसेल तिथे किती दिवस नसेल तेही आधी सांगेन. बाबांची डॉक्टरांकडची तारीख असेल त्या आठवड्यात कुठेही जाणार नाही. आई, तू "एकटीच?" विचारशील. हो, एकटीच. विचारत जा, फक्त मी उत्तर दिल्यावर दादाला फोन करू नका.

फेब्रुवारीत दहा दिवस जातेय. तिकीट काढलंय. बाबा, कुठे ते लिहीत नाही. नदीतलं बेट आहे, नावेनं जावं लागतं, पोस्ट ऑफिस आहे. पहिले दोन आकडे ७८.

चुकलात तर पापड माझा.

तुमची,
ताई