वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब, कॅन्सरच्या डॉक्टरला आठवड्यातला एक दिवस द्या

नमस्कार साहेब,

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, सध्या मराठवाड्यातच सरकारी दवाखान्यात कॅन्सरचे पेशंट बघते. 1999 ला आमच्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते, आईला तपासणीला बोलावणं आलं होतं आणि ती लाजत लाजत गेली होती एवढंच आठवतं. पुढं एमडी करताना तोच अभ्यास पुस्तकात भेटला न डोळे भरून आले. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, सगळ्या आमच्याच खेड्यापाड्यातल्या. 2009 ला निकाल छापून आला, एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, टेस्ट आयुष्यात एकदाच केली त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी नसलेल्या गटापेक्षा जवळपास निम्म्यावर आले. जगभरचे डॉक्टर आजही ह्याचा दाखला देतात साहेब.

एका टेस्टनं मृत्यू कमी होतील का, असला प्रश्न कुणाला सुचतो? जो रोज पेशंट बघतो आणि संशोधनही करतो त्यालाच. पण असा डॉक्टर आपल्याकडं घडणार कसा, साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, बाँडची सक्तीची सरकारी सेवा वेगळी, तिशी उलटते, मग नोकरीत सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, रात्री कॉल, आणि रिसर्च म्हणजे रविवारी लेकराला आईकडं सोडून करायचं काम. आधीच्या नोकरीत गाठीचे नमुने ठेवायला उणे 80 डिग्रीचा फ्रीझर मागितला होता, दोन वर्षं फाईल फिरली आणि मग माझीच बदली झाली. त्या दोन वर्षांत ज्यांच्या गाठी तपासल्या त्यांचा एक तुकडाही आज अभ्यासाला शिल्लक नाही, ह्याचं मला खरंच लई वाईट वाटतं. तोंडाच्या कॅन्सरची पस्तिशीतली पोरं येतात, त्यातल्या कुणाचा आजार औषधाला दाद देतो कुणाचा नाही, हे आमच्याच माणसांच्या नमुन्यांवर शोधायला नको का?

म्हणून लिहायलेय. आठवड्यातला एक दिवस संशोधनाचा म्हणून लेखी ऑर्डरमध्ये द्या, त्या दिवशी ओपीडीची ड्युटी लावू नका, प्रमोशनला तो धरा. पेशंटला फोन करून विचारपूस ठेवणारा, नोंदी भरणारा एक माणूस द्या, कारण उपचार अर्धवट सोडून ऊसतोडीला गेलेल्या बाईचं पुढं काय झालं हे कळल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही.

वार कुठलाही चालेल साहेब, फक्त सोमवार नको, सोमवारी लांबलांबून पेशंट येतात, त्यांना माघारी पाठवता येत नाही.

आपली,
मराठवाड्यातली एक डॉक्टर